एका पेनीचे जेवण

ग्लासगो शहराच्या पूर्व टोकास पार्कहेड नावाची वस्ती आहे. तेथे सुमारे साठ हजार प्रेक्षक बसून फुटबॉलचा सामना पाहू शकतील एवढे विस्तीर्ण क्रीडांगण असून, ते सेल्टिक नावाच्या विख्यात क्लबाच्या मालकीचे आहे. क्रीडांगणाच्या दर्शनी बाजूस पुतळे उभारलेले आहेत. नामांकित खेळाडूंचे आणि त्यांना घडविणाऱ्यांचे पुतळे अशा ठिकाणी असावेत यात नवल काहीच नाही. परंतु त्यांतील सर्वांत आधी, म्हणजे २००५ साली बसविलेला पुतळा ज्या गृहस्थाचा आहे तो खेळाडू नव्हता आणि खेळाचा शिक्षकही नव्हता. अंगात लांब झगा, बसण्याची ढब शांत, असा तो एक शाळामास्तर आहे. ब्रदर वॉल्फ्रिड हे त्याचे नाव. क्रीडांगणात शिरणारे हजारो लोक त्यास क्लबाचा संस्थापक म्हणून वंदन करतात, आणि ते योग्यच आहे. तथापि त्या मास्तराने क्लब कशासाठी काढला हे विचारू लागले म्हणजे मैदान मागे राहते आणि आपण एका गरीब शाळेतील बाकांपाशी येऊन पोचतो. प्रस्तुत लेखाचा विषय ती बाके हाच आहे. फुटबॉल त्यात येतो तो ओघाने.

‘ब्रदर’ या शब्दाने वाचकांचा थोडा घोटाळा होण्याचा संभव आहे. कॅथलिक पंथातील ‘फादर’ म्हणजे दीक्षित धर्मगुरू. मिस्सा करण्याचा आणि पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्याचा. ब्रदरास यांपैकी कोणताच अधिकार नसतो. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते मात्र त्यासही जन्मभर पाळावी लागतात. तो मठवजा घरात आपल्या बांधवांबरोबर राहतो, आपली मिळकत संघाच्या हवाली करतो, आणि वरिष्ठ सांगतील त्या गावी, सांगतील त्या दिवशी निघून जातो. मान थोडा आणि काम पुष्कळ, अशी ही जात आहे. वॉल्फ्रिड ज्या मारिस्ट ब्रदरांपैकी होते त्यांचा संघ मार्सेलँ शांपान्या या फ्रेंच धर्मगुरूने १८१७ साली ला व्हाला या डोंगरी खेड्यात स्थापिला. त्याच्या आदल्याच वर्षी शांपान्यास एका मरणासन्न मुलाच्या बिछान्यापाशी बोलावणे आले होते. मुलगा सतरा वर्षांचा. परंतु ईश्वर म्हणजे काय हेही त्यास कोणी कधी शिकविलेले नव्हते. खेड्यापाड्यांतील मुलांना शिकविणारे कोणी नाही ही गोष्ट त्या धर्मगुरूच्या मनास इतकी लागली की त्याने शिक्षकांचा एक संघच उभा केला. १८५८ साली या संघाचे ब्रदर ग्लासगोत येऊन शाळा चालवू लागले.

वॉल्फ्रिड यांचे पाळण्यातले नाव अँड्र्यू केरिन्स. जन्म १८४० च्या मे महिन्यात, आयर्लंडच्या पश्चिमेकडील स्लायगो परगण्यात, बॅलीमोट गावी. ते पाच वर्षांचे असताना, १८४५ साली, आयर्लंडातील बटाट्याच्या पिकावर करपा पडला. आपल्याकडे दुष्काळ म्हटला म्हणजे आकाशाकडे लागलेले डोळे आणि तडकलेली जमीन आठवते. आयर्लंडातला दुष्काळ ओल्या, हिरव्या भूमीवर आला. गरीब कुळांचे सारे पोट एका बटाट्यावर होते, कारण धान्य आणि जनावरे खंडापायी जमीनदाराकडे जात. बटाटा कुजताच खावयास काही उरले नाही. त्या चारपाच वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे अन्नावाचून आणि तापाच्या साथींनी मेली, आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत ब्याऐंशी लक्षांच्या आसपास असलेली लोकसंख्या १८५१ त पासष्ट लक्षांवर आली. पश्चिमेकडील परगण्यांचे हाल विशेष झाले. लहानग्या अँड्र्यूने त्या वर्षांत काय पाहिले ते सांगण्यास कोणाच्या साक्षीची गरज नाही. भुकेने पोर कसे दिसते हे त्यास पुस्तकातून शिकावे लागले नव्हते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

त्या दुष्काळाने आयरिश मनात आणखी एक सल ठेवला. उपाशी लोकांसाठी ज्या धर्मार्थ खानावळी निघाल्या त्यांपैकी काही प्रॉटेस्टंट मिशनांच्या होत्या, आणि त्यांतील काही ठिकाणी सूपाच्या वाडग्याबरोबर धर्मांतराची अटही पुढे येई, असा बोभाटा झाला. पुष्कळ प्रॉटेस्टंटांनी, विशेषतः क्वेकर पंथीयांनी, कसलीही अट न घालता लोकांना जगविले हे खरे. परंतु सल राहतो तो अपवादाचा. पोटासाठी बाटलेल्या माणसास ‘सूपवाला’ म्हणण्याची चाल पडली, आणि ती शिवी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. देणाऱ्या हाताचा धर्म कोणता, ही शंका आपल्यासही परकी नाही. १८९३ साली पुण्याच्या शारदासदनावरून केवढे वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या सुहृदांनाही सल्लागार मंडळातून अंग कसे काढून घ्यावे लागले, हे जाणणाऱ्या वाचकास पुढील हकिगतीचे मर्म चटकन ध्यानात येईल.

१८५५ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, अँड्र्यू ग्लासगोस आला. दोन्ही देशांवर राणी एकच, त्यामुळे कागदोपत्री हा परदेश नव्हे. प्रत्यक्षात मात्र तो पुरता परदेश होता. स्कॉटलंड कडव्या प्रेस्बिटेरियन मताचा. आलेला आयरिश मजूर कॅथलिक, फाटका आणि कमी मजुरीवर राबणारा. म्हणजे त्याच्याविषयी धर्माची अढी, किळस आणि पोटावर पाय येण्याची भीती, अशी तिन्ही कारणे एकत्र आली. कॅल्टन, ब्रिजटन, पार्कहेड या पूर्वेकडील वस्त्यांत ही माणसे दाटीवाटीने राहत. गिरण्या, भट्ट्या, एकेका खोलीत नांदणारी कुटुंबे, आणि काम सुटले की चूल बंद. मुंबईच्या गिरणगावातील चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र रंगवून सांगावयास नको. फक्त त्यात स्कॉटलंडची थंडी मिळवावी. अँड्र्यू दिवसा रेल्वेवर काम करी आणि रात्रीच्या शाळेत शिके, असे सांगतात. १८६४ साली तो मारिस्ट संघात दाखल झाला, फ्रान्सात उमेदवारी करून ब्रदर वॉल्फ्रिड हे नाव घेऊन परतला, आणि ज्या वस्तीत मजुरी केली त्याच वस्तीत मास्तर झाला. १८७४ साली त्याजकडे सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापकपण आले.

येथे त्या काळच्या शाळांची व्यवस्था थोडी सांगितली पाहिजे. १८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडात लोकनियुक्त शाळामंडळे झाली आणि त्यांच्या शाळा स्थानिक करांतून चालू लागल्या. कॅथलिकांना आपल्या मुलांचे धर्मशिक्षण दुसऱ्यांच्या हाती द्यावयाचे नव्हते, म्हणून त्यांच्या शाळा या व्यवस्थेबाहेर राहिल्या. १९१८ च्या कायद्याने त्या सरकारी व्यवस्थेत आल्या, तोपर्यंतची सेहेचाळीस वर्षे कॅथलिक रहिवासी कर भरून इतरांच्या शाळा चालवीत आणि पुन्हा वर्गणी काढून आपल्या. सरकारी अनुदान मिळे, पण ते मुलांच्या हजेरीवर आणि तपासनिसापुढे होणाऱ्या परीक्षेवर अवलंबून असे. व्रतस्थ ब्रदरांना स्वतःच्या संसारापुरते वेतन द्यावे लागत नसल्यामुळेच असल्या शाळांचा कसाबसा जम बसे. तेव्हा मुलगा शाळेत आला नाही म्हणजे त्याचे नुकसान तर होईच, पण शाळेचा एक खांबही हले. आणि मुलगा येत नसे याचे कारण बहुधा एकच. ज्याच्या पोटात सकाळपासून काही नाही तो शाळेत येऊन करणार काय? आला तरी फळ्याकडे पाहून त्यास काय दिसणार? शिवाय चार घास मिळविण्यासाठी तो बाजारात किंवा कुठल्याशा मिशनाच्या दारी उभा राहणार, आणि तेथे सूपाबरोबर त्यास आणखी काय पाजले जाईल याची मास्तरास धास्ती.

१८८४ साली ब्रदर वॉल्फ्रिड यांनी सेक्रेड हार्ट शाळेत ‘गरीब मुलांचे जेवणाचे टेबल’ सुरू केले. सेंट व्हिन्सेंट डी पॉल या धर्मादाय संस्थेची मंडळी पाठीशी होती. लवकरच सेंट मेरी शाळेचे मुख्याध्यापक ब्रदर डोरोथियस यांनी आपल्याकडेही तशीच व्यवस्था केली. नियम साधे होते. एक पेनी दिली की गरम जेवण. घरून पाव आणला तर अर्ध्या पेनीत मोठा वाडगाभर सूप. आणि ज्याच्याजवळ अर्धी पेनीही नाही त्यास फुकट, पण पोटभर.

या नियमांकडे पाहताना मला त्या मास्तराविषयी विशेष आदर वाटतो. द्यावयाचेच होते तर सर्वांना फुकट का दिले नाही? वरवर पाहणारास पेनी घेणे कृपणपणाचे वाटेल. परंतु ज्या माणसाने लहानपणी दुष्काळी सूपाच्या रांगा पाहिल्या होत्या त्यास फुकट सूपाला किती किंमत पडते हे ठाऊक होते. पेनी देणारी आई भीक घेत नसे; ती आपल्या मुलाचे जेवण विकत घेई, मग त्या जेवणास खरोखर किती का खर्च येईना. पाव घरून आणणारा मुलगा निम्मे जेवण स्वतःच्या घरचे जेवत असे. उपकार करावयाचे आणि ते उपकार घेणाराच्या डोळ्यांत खुपू द्यावयाचे नाहीत, ही कला पैशाने येत नाही. त्याबरोबर हेही कबूल केले पाहिजे की हे जेवण अगदी निर्हेतुक नव्हते. आपली मुले आपल्याच पंथात राहावीत हा हेतू त्यात उघड होता, आणि वॉल्फ्रिड यांनी तो कधी लपविला असेल असे वाटत नाही. प्रतिपक्षाच्या सूपात धर्म विरघळलेला होता असे म्हणणाऱ्यांच्या सूपातही तो होताच. फरक एवढाच की हा वाडगा मुलास त्याच्या घरापासून तोडीत नव्हता.

जेवणे वाढू लागली तसा पैसा अपुरा पडू लागला. वर्गणी मागावयाची कोणाकडे? बहुतेक शेजारी मागणाराइतकेच गरीब. या गरिबांजवळ एकच चैन होती. शनिवारी दुपारी सुटी मिळाली की फुटबॉलचा सामना पाहणे. एडिंबरोच्या आयरिश वस्तीत कॅनन हॅनन या धर्मगुरूच्या पुढाकाराने १८७५ साली हायबर्नियन नावाचा क्लब निघाला होता. वॉल्फ्रिड त्या क्लबाचे सामने ग्लासगोत भरवीत आणि प्रवेशाचे पैसे जेवणाकडे लावीत. फेब्रुवारी १८८७ मध्ये हायबर्नियनने स्कॉटिश कप जिंकला, तेव्हा ग्लासगोच्या आयरिश लोकांनी विजयी मंडळींचा सत्कार सेंट मेरी चर्चच्या सभागृहात केला. तुम्हीही आपला एक क्लब का काढीत नाही, असा प्रश्न पाहुण्यांपैकी एकाने तेथे केला. ज्याने तो केला त्यास पुढे पश्चात्ताप झाला असला पाहिजे.

६ नोव्हेंबर १८८७ रोजी त्याच सभागृहात सभा होऊन क्लब स्थापन झाला. नाव काय ठेवावे यावर बराच खल झाला. आयरिश देशाभिमान मिरविणारी नावे पुष्कळांना हवी होती. वॉल्फ्रिड यांनी ‘सेल्टिक’ सुचविले. आयरिश आणि स्कॉट या दोघांचेही पूर्वज ज्या एका वंशात सांगितले जातात त्याचे हे नाव, म्हणजे घरचे आणि दारचे दोन्ही त्यात येतात. हायबर्नियनमध्ये केवळ कॅथलिकांनाच प्रवेश असे. सेल्टिकने तशी अट घातली नाही. मास्तरांच्या मनात उच्चार ‘केल्टिक’ असा होता म्हणतात. वस्तीतल्या लोकांनी ‘सेल्टिक’ केले आणि तेच कायम झाले. मास्तराचा शुद्धोच्चार शाळेबाहेर चालत नाही हा अनुभव सर्व देशांत सारखाच असावा.

पार्कहेड येथे स्मशानभूमीला लागून एक पडीक जागा वर्षास पन्नास पौंड भाड्याने घेतली. मैदान करावयास मजूर लावण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा दिवसभर भट्टीत आणि गिरणीत राबलेली माणसे संध्याकाळी फावडी घेऊन येत. सहा महिन्यांत त्यांनी जमीन सपाट केली, भराव घातले, बसावयास लाकडी मांडव उभारला. जानेवारी १८८८ मध्ये क्लबाने वर्गणीसाठी जे विनंतिपत्र काढले त्यात उद्देश स्पष्ट लिहिला होता. सेंट मेरी, सेक्रेड हार्ट आणि सेंट मायकेल या तीन विभागांतील गरजू मुलांची जेवणाची टेबले चालू राहावीत म्हणून त्या धर्मादाय संस्थेस पैसा पुरवावा, हे मुख्य काम, क्लब त्यासाठी. आर्चबिशप चार्ल्स आयर यांचे नाव देणगीदारांत अग्रभागी होते.

याच सुमाराची एक हकीगत क्लबाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. चांगले खेळाडू मिळवावे म्हणून डिसेंबर १८८७ त वॉल्फ्रिड आणि त्यांचे सोबती कॅथकार्ट येथे मेली नामक कुटुंबाच्या घरी गेले. बाप फौजेतला निवृत्त सार्जंट. सोबत्यांपैकी पॅट वेल्श हा तरुणपणी आयरिश बंडखोरांत होता. १८६७ साली डब्लिनच्या धक्क्यावर तो पकडला जाणार तोच एका आयरिश शिपायाने त्यास दयेने सोडून दिले, आणि तो शिपाई म्हणजेच हे सार्जंट मेली, असे सांगतात. असो. पाहुण्यांना हवा होता थोरला मुलगा टॉम. तो त्या रात्री घरी नव्हता. बोलणे संपवून निघताना वॉल्फ्रिड यांनी तेथे बसलेल्या धाकट्या विलीकडे पाहून, तूही का येत नाहीस, असे सहज विचारले. हा विली मेली पुढे १८९७ पासून १९४० पर्यंत क्लबाचा चिटणीस आणि व्यवस्थापक होता. शाळेत नवा मुलगा आला की दारात उभ्या असलेल्या त्याच्या भावालाही आत घ्यावयाचे, ही मास्तराची सवय क्लबाला चांगलीच फळली.

२८ मे १८८८ रोजी पहिला सामना झाला. सुमारे दोन हजार प्रेक्षक जमले, आणि सेल्टिकने रेंजर्सच्या संघास पाचास दोन गोलांनी हरविले. परंतु त्या दिवशी सेल्टिककडून खेळणारे पुष्कळसे गडी हायबर्नियनचे होते, उसने आणलेले. पुढल्या हंगामात यांपैकी कित्येक सेल्टिककडे राहिलेच. स्कॉटलंडात पैसे घेऊन खेळण्यास १८९३ पर्यंत बंदी होती. तरी खेळाडू एका क्लबातून दुसऱ्यात गेले ते केवळ धर्मकार्याच्या ओढीने गेले, असे मानावयास फार भोळेपणा लागेल. ज्या हायबर्नियनने हात धरून चालावयास शिकविले त्याचीच घडी या मोडतोडीने विस्कटली, आणि १८९१ च्या सुमारास तो क्लब काही काळ बंदच पडला. यात वॉल्फ्रिड यांचा हात किती होता हे तोलून सांगता येणार नाही. व्यवहार करणारे कमिटीतील इतर लोक होते. पण ते काही अजाण नव्हते. उपाशी मुलांसाठी पैसा उभारणाऱ्याने शेजाऱ्याचे घर मोडू द्यावे काय, या प्रश्नास उत्तर देण्याचे मी टाळतो. एवढे मात्र दिसते की पहिल्या हंगामाअखेर क्लबाने चारशेहून अधिक पौंड धर्मादायास दिले. एका पौंडाच्या त्या काळी २४० पेन्या होत. ती सारी रक्कम काही जेवणावर खर्च झाली नाही. तरी पेनीला एक या हिशेबाने तीत शहाण्णव हजार जेवणे मावतात. टेबलापाशी उभे राहून वाडगे मोजणाऱ्या मास्तराच्या कानी एडिंबरोची तक्रार अंमळ मंदच आली असेल.

यश मात्र झपाट्याने आले. पहिल्याच वर्षी स्कॉटिश कपाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल गेली, आणि एप्रिल १८९२ मध्ये क्वीन्स पार्क संघास पाचास एक असे हरवून कप पार्कहेडला आला. गर्दी पाहून जागेच्या मालकाने भाडे पन्नास पौंडांवरून एकदम साडेचारशे मागितले. ज्या लोकांचे वाडवडील खंड न देता आल्याने आयर्लंडातील झोपड्यांतून हुसकले गेले होते त्यांना हा प्रकार नवा नव्हता. त्यांनी जवळच विटांच्या जुन्या खाणीची खाचखळग्यांची जागा घेतली आणि तीही भरून काढली. मार्च १८९२ त नव्या मैदानात पहिली हिरवळ लावावयास आला तो मायकेल डॅव्हिट, म्हणजे आयर्लंडात जमीनदारशाहीविरुद्ध कुळांची चळवळ उभारणारा पुढारी! ती हिरवळ डोनेगलहून आणलेली होती आणि पुढे कोणीतरी ती चोरून नेली, असेही सांगतात. स्मशानाशेजारून उठून नव्या जागी येणे म्हणजे स्वर्गात येणे, असे कोणी वर्तमानपत्रकार गमतीने म्हणाला. त्यावरून त्या मैदानास लोक आजही स्वर्ग म्हणतात.

त्या स्वर्गात वॉल्फ्रिड राहिले नाहीत. नवे मैदान सुरू झाले त्याच वर्षी, १८९२ साली, त्यांची लंडनास बदली झाली. संघाच्या वरिष्ठांचा हुकूम, आणि आज्ञापालनाचे व्रत, प्रश्नच नव्हता. बावन्न वर्षांचा माणूस, अठरा वर्षे चालविलेली शाळा, आठ वर्षांचे जेवणाचे टेबल आणि पाच वर्षांचा क्लब मागे टाकून, रिकाम्या हाताने आगगाडीत बसला. ज्या व्रताने त्यास निर्लोभी केले त्याच व्रताने त्याचे हातही बांधले. क्लबात त्याची मालकी नव्हती, हक्क नव्हता, आणि दूर राहून आग्रह धरण्यासारखे स्थानही नव्हते.

आणि आग्रह धरणारा कोणी हवा होता. खेळाडूंना उघड पगार सुरू झाले, मैदानावर खर्च वाढला, आणि कमिटीत धंद्याची दृष्टी असलेल्यांचे वजन वाढत गेले. धर्मादायाचा मूळ उद्देश सोडू नये म्हणून डॉक्टर जॉन कॉनवे यांच्यासारखे जुने सभासद झगडले. परंतु १८९७ त क्लबाची मर्यादित जबाबदारीची कंपनी झाली. भागीदारांना नफा मिळू लागला आणि जेवणाच्या टेबलांकडे जाणारा पैशाचा ओघ आटला. ज्यांनी फुकट फावडी मारली होती त्यांच्या घामाचे समभाग झाले. कमिटीवाल्यांची बाजू अगदीच टाकाऊ होती असे नाही. इतर क्लब पैशाने खेळाडू नेत असता सेल्टिकने दानधर्म करीत बसावे तर क्लबच बुडता, आणि बुडालेला क्लब कोणास जेवू घालणार, असे ते म्हणत. या युक्तिवादात दोष काढणे कठीण आहे. पण क्लब बुडाला नाही, भरभराटीस आला, तेव्हा तरी टेबलांची आठवण व्हावयास हवी होती, ती झाली नाही. सेल्टिकने आपला धर्मादाय निधी पुन्हा रीतसर स्थापन केला तो १९९५ साली.

दरम्यान वॉल्फ्रिड लंडनच्या पूर्व भागात, बेथनल ग्रीनच्या गरीब वस्तीत, मुलांना शिकवीत होते. देश तिसरा, दैन्य तेच. तेथील अनवाणी पोरांसाठीही त्यांनी फुटबॉलचे सामने भरविले. ग्लासगोचे वैभव मागे टाकून आलेला माणूस रस्त्यावरच्या पोरांचे दोन संघ पाडून उभा आहे, हे चित्र मला त्या साठ हजारांच्या मैदानाहून अधिक खरे वाटते. अनवाणी पायांवरून आठवले. १९३६ साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचे महंमद सलीम ग्लासगोस गेले आणि सेल्टिकच्या पोशाखात दोन सामने खेळले. बूट न घालता, पायांना नुसत्या पट्ट्या बांधून. हजारो प्रेक्षक त्यांचा खेळ पाहून थक्क झाले. घरच्या ओढीने ते लवकरच परतले. वॉल्फ्रिड तेव्हा हयात नव्हते. असते तर त्या पायांकडे पाहून त्यांना नवल वाटले नसते.

शाळेत भुकेल्या मुलास अन्न देणे हे सरकारचे काम आहे, ही कल्पना १८८४ साली हास्यास्पद ठरली असती. १९०६ साली इंग्लंडसाठी आणि १९०८ साली स्कॉटलंडसाठी कायदे होऊन शाळांतील मुलांच्या जेवणाची सोय सार्वजनिक पैशातून करण्यास मुभा मिळाली. त्यापूर्वीची वीसबावीस वर्षे ज्यांनी रोजचे वाडगे भरले त्यांत ग्लासगोच्या या दोन ब्रदरांची नावे येतात. आणि त्यांतील डोरोथियस यांचा पुतळा तर कोणत्याच मैदानापुढे नाही.

१९११ साली युरोपचा दौरा करून परतणारा सेल्टिकचा संघ लंडनमार्गे चालला होता. एकाहत्तर वर्षांचे वॉल्फ्रिड त्यास भेटावयास आले. काळाने पुष्कळ बदल झाले, जुन्या मंडळींपैकी आता थोडीच उरली आहेत, अशा आशयाचे ते बोलले. क्लबाची कीर्ती ऐकून आनंद होतो असेही म्हणाले. टेबलांविषयी त्यांनी काही विचारले की नाही याची नोंद नाही. त्यानंतर लवकरच ते स्कॉटलंडात डम्फ्रीस येथील मारिस्ट ब्रदरांच्या घरी विश्रांतीस गेले, आणि तेथेच १७ एप्रिल १९१५ रोजी, पंचाहत्तरीस एक महिना राहिला असता, वारले. महायुद्ध चालू होते. वर्तमानपत्रांतून रोज मृतांच्या याद्या येत होत्या. त्याच हंगामात सेल्टिकने पुन्हा लीगचे अजिंक्यपद मिळविले. ब्रदर वॉल्फ्रिड यांना डम्फ्रीसच्या माउंट सेंट मायकेल दफनभूमीत, संघातील इतर शिक्षकांच्या शेजारी पुरले.